गंजलेल्या रंध्याला पुन्हा कामाला लावताना

जुना लोखंडी रंधा विकत घेताना मी गंजाकडे सगळ्यात शेवटी बघतो. गंज काढता येतो. बिडाला गेलेली चीर मात्र घरच्या घरी नीट होत नाही, आणि ती बहुतेक वेळा पातं बाहेर येतं त्या फटीच्या कोपऱ्यांत किंवा बाजूच्या उभ्या भिंतींवर लपलेली असते. हा रंधा हातात आल्यावर आधी तिथली धूळ अंगठ्याने पुसली आणि उजेडात तिरका धरून पाहिला. चीर नव्हती. पातंही बऱ्यापैकी लांब उरलं होतं. बाकी सगळं तपकिरी, स्क्रू जाम, मूठ तडकलेली. घेतला.

रंधा बेली पद्धतीचा, चार नंबरचा. म्हणजे सुमारे ९ इंच लांब आणि २ इंची पात्याचा. या पद्धतीचे हक्क स्टॅन्ली या अमेरिकी अवजार कंपनीने १८६९ मध्ये ती बनवणाऱ्या लिओनार्ड बेलीकडून घेतले, आणि मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. म्हणूनच असा रंधा नीट करायला मला आवडतं: एखादा भाग गेलाच, तर दुसऱ्या मोडक्या रंध्यातला बसण्याची आशा असते. स्क्रूंचं मात्र तसं नाही. जुन्या रंध्यांतल्या बऱ्याच स्क्रूंचे आटे आजच्या मापांत बसत नाहीत, त्यामुळे डोकं झिजवलं किंवा स्क्रू मोडला तर पंचाईत.

म्हणून उघडताना घाई केली नाही. पातं ज्यावर टेकतं तो फ्रॉग दोन स्क्रूंनी धरलेला असतो, आणि इथे दोन्ही हलत नव्हते. गंज सोडवायचं तेल घालून रात्रभर ठेवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक कानशीने घासून खाचेच्या अगदी मापाचं केलं, खाचेत इकडून तिकडे भरेल असं. मग त्यावर हातोडीने हलके ठोके दिले आणि स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवला. गंजाची पकड तुटली की एक बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. तो आला की उलटं फिरवायचं. पहिला असा सुटला. दुसऱ्याच्या डोक्यावर तापलेलं सोल्डरिंगचं टोक थोडा वेळ टेकवून ठेवलं, पुन्हा तेल घातलं, तेव्हा तोही आला.

गंजासाठी सायट्रिक अ‍ॅसिड वापरलं: एका लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम. पातं खालीवर करायचं पितळी चाक बाजूला काढून ठेवलं. मधूनमधून भाग बाहेर काढून ब्रशने घासत राहिलो, कारण विसरून राहिलं तर अ‍ॅसिड चांगलं लोखंडही खात बसतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून उरलेली आंबटाई मारली, लगेच पुसलं, गरम हवेने वाळवलं आणि तेलाचा हात दिला. इथे ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उघडं पडलेलं ओलं लोखंड बघता बघता पुन्हा नारिंगी होतं.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेने गंज काढण्याची पद्धतही उत्तम आहे. पण त्या पाण्यात आतलं जुनं काळं रोगण सुटू लागतं, आणि मला ते राखायचं होतं. जे ही पद्धत वापरतील त्यांनी चार्जरच्या दुसऱ्या तारेला स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. जुना रंगही कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं.

तळ सपाट करताना पातं बसवून, नेहमीइतकं आवळून, फक्त आत ओढून ठेवलं. आवळल्यावर बीड किंचित वाकतं, म्हणून सुटा तळ घासण्यात अर्थ नाही. मार्करने तळावर रेघा मारल्या आणि जाड काचेवर चिकटवलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासायला सुरुवात केली. टोक, फटीची पुढची कड आणि मागचं टोक या तीन ठिकाणच्या रेघा पुसल्या गेल्या की मी थांबतो. मधे राहिलेला खोलगटपणा कामाला आड येत नाही.

खरी परीक्षा पात्याच्या पाठीची. धार म्हणजे सपाट पाठ आणि पुढचा तिरका उतार जिथे मिळतात ती रेघ. त्यातली एक बाजू गंजाने खड्ड्याखड्ड्यांची झाली असेल, तर दुसरी कितीही चकचकीत करा, धार करवतीसारखी दातेरीच येणार. भिंगातून पाहिलं तर टोकाजवळ गंजाने खाल्लेले काळे ठिपके होते, त्यातले दोन बरेच खोल. पाठ घासून ते जाईनात. मग धारच मागे नेली. खड्डे संपेपर्यंत टोक घासून काढलं आणि २५ अंशांचा नवा उतार दिला. ग्राइंडरवर पातं सतत पाण्यात बुडवत राहिलो. कडेवर निळा रंग उमटला म्हणजे तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, मग तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नसतो.

उरलेल्या बारीक ठिपक्यांसाठी सुतारकाम शिकवणारे इंग्रज कारागीर डेव्हिड चार्ल्सवर्थ यांची पट्टीची युक्ती वापरली. दगडाच्या एका कडेला अर्धा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी ठेवायची, पात्याची पाठ तिच्यावर टेकवायची आणि फक्त टोक दगडावर घासायचं. पाठीला एका अंशाहूनही कमी उतार येतो आणि चमकायला हवी ती केसाएवढी पट्टी तेवढी चमकते. मग उताराच्या फक्त टोकाला ३० अंशांवर १००० आणि ८००० नंबरच्या दगडांवर धार लावली.

चिप ब्रेकरची, म्हणजे पात्यावर घट्ट बसणाऱ्या दुसऱ्या लोखंडी पट्टीची, कड पात्याला पूर्ण टेकली पाहिजे, नाहीतर छिलके मधे अडकतात. तीही दगडावर घासून घेतली. मूठ इपॉक्सीने जोडून जवसाचं तेल लावलं. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. मी त्या बाहेर पसरून वाळवल्या.

पहिल्यांदा चालवल्यावर छिलका आला, पण एका बाजूने जाड. पातं आडवं सरकवायच्या दांडीने ते सरळ केलं, तेव्हा आरपार दिसेल असा सलग छिलका निघू लागला. उलट्या रेषांच्या लाकडावर मात्र पृष्ठभाग उचकटत होता. चिप ब्रेकर धारेच्या जेमतेम पाव मिलिमीटर जवळ आणला आणि ते थांबलं. बाजूंवर गंजाचे डाग अजून आहेत. ते मी काढणार नाही, कारण बाजू आणि तळ यांच्यातला काटकोन गुण्याला बरोबर लागतो आहे, आणि घासत बसलो तर तोच बिघडेल.