पन्हळ बदलायची की डागडुजी करायची?

मे उजाडला की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची धावपळ सुरू होते, आणि कौलारू घर असेल तर शाकारणीच्या (कौलं नीट लावण्याच्या) जोडीला पन्हळीचा, म्हणजे छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नाळीचा विषय निघतोच. आमच्याकडे यंदा जरा जास्तच ताणला गेला. धाकटे काका म्हणाले सगळी काढा, पीव्हीसीची नवी बसवा, कटकट मिटली. बाबा म्हणाले पत्रा अजून धड आहे, कशाला पैसे घालवता. मग मी शिडी लावून अख्खी पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि मला दोघांचंही पटलं नाही, कारण सगळ्या पन्हळीला एकच न्याय लावून चालत नाही. कुठला तुकडा गळतोय आणि ते पाणी शेवटी जातंय कुठे, एवढं बघितलं की अर्धा निर्णय तिथेच होतो.

आमची बाहेरची, म्हणजे अंगणाच्या बाजूची पन्हळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची. तिथे गळती फक्त सांध्यातून होती. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा सगळीकडे दाबून बघितला, गंज वरवरचा असेल तर टोक थांबतं, आतून खाल्लेला असेल तर आरपार जातं. इथे थांबलं. असा पत्रा फेकून देणं मला अजिबात पटत नाही. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, सांधा कडकडीत सुकू द्यायचा, सैल रिव्हेट बदलायचे आणि सिलंट आतल्या बाजूने भरायचं. बरेच जण खालून एम-सील थापतात, पण पाणी आतून येतं त्यामुळे ते पावसात सुटून येतं. आणि मध्ये जी पन्हळ वाकलेली दिसते ना, तिथे बहुतेक वेळा पत्र्याचा दोष नसतो, ब्रॅकेट सैल झालेला असतो. १० फुटाला पाव ते अर्धा इंच उतार पाणी खाली नेणाऱ्या पाईपच्या दिशेने मिळाला की पाणी साचत नाही. साचतं तिथे आंब्या-फणसाचा पाला कुजतो आणि त्या ओल्या थराखालीच पत्रा आधी सडतो, समुद्राजवळ तर फारच लवकर.

आता मधली पन्हळ. जुनं घर आणि नंतर वाढवलेली खोली यांचे दोन उतार जिथे एकमेकांना भिडतात तिथली. ही मात्र मी बिनदिक्कत बदला म्हटलं, भोकं दोन-चारच होती तरी. बाहेरची पन्हळ गळली तर पाणी अंगणात पडतं, ही गळली की पाणी थेट भिंतीच्या डोक्यावर आणि वाशांच्या टोकांवर, आणि वासा सडल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय हिच्यावर दोन्हीकडचं पाणी येतं. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. दोन्ही उतार मिळून ५० चौरस मीटर जागा झाकत असतील आणि तासाला ६० मिमीच्या वेगाने पाऊस लागला, तर मिनिटाला ५० लिटर, म्हणजे दोन-अडीच मोठ्या बादल्या, दर मिनिटाला! आमच्याकडे जुलैत असा पाऊस काही नवलाचा नाही. म्हणून नवी करताना जास्त रुंद, जास्त खोल, जाड गेजच्या पत्र्याची (गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, दुकानात हे नीट विचारून घ्या), दोन्ही बाजूंना कौलांखाली चांगली वीतभर चढवलेली, आणि जोड द्यावाच लागला तर वरचा तुकडा खालच्यावर, उलटा नाही.

पीव्हीसीला माझा विरोध नाही, गंजत नाही हे खाऱ्या हवेत फार मोलाचं आहे. पण उन्हाने ती वाढते, १० मीटर लांबीला तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर जवळजवळ २ सेंमी. सगळे सांधे चिकटवून गच्च करणारा माणूस मिळाला तर ती कुठेतरी तडकणारच. आणि आमच्याकडे वानरं आहेत, आंब्यावरून उडी मारली की पहिला पाय पन्हळीवर, उन्हाने कडक झालेलं प्लॅस्टिक तिथे टिकत नाही.

मागच्या बाजूची पन्हळ तर आम्ही काढूनच टाकली. तिथे वळचण चांगली पुढे आलेली आहे, जोतं चिऱ्याचं, खाली दगडी चर आहे, पागोळ्या पडू देत की सरळ चरात. पूर्वी अख्खं घर असंच होतं.

एक गोष्ट मात्र कराच. काम झाल्यावर परांची उतरवायच्या आधी वरच्या टोकाला होस पाईप लावून चांगलं पाच-दहा मिनिटं पाणी सोडा आणि प्रत्येक सांध्याखाली हात फिरवून बघा, गळत असेल तर माणूस समोर आहे तोवरच करून घ्या, कारण एकदा मृग लागला की सुतार आणि पत्रेवाला दोघंही फोन उचलत नाहीत.