पोलिसांकडून पैसे घेता का?

दिवसाआड तरी कोणीतरी विचारतंच. हवालदार समोर असेपर्यंत सगळे गप्प असतात. तो कागदांचा गठ्ठा काखेत मारून पायऱ्या उतरला की माणूस काउंटरवर वाकतो आणि आवाज बारीक करून म्हणतो, "ताई, एक विचारू का? पोलिसांकडून पैसे घेता का हो तुम्ही?"

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाकडून कोर्टाकडे येताना माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान लागतं. दहा बाय आठचा गाळा, दोन मशीनं, एक कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात कागद दमट होऊ नये म्हणून दिवसभर पेटता ठेवलेला शंभरचा पिवळा बल्ब. गिऱ्हाईक तीन जातीचं: वकील, पक्षकार आणि पोलीस. वकील उधारी ठेवतात, पक्षकार घासाघीस करतात. पोलिसांचं काय, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

घेते. पानाला दोन रुपये, पाठपोट तीन. वर्दी असो नाहीतर काळा कोट.

एवढं ऐकून विचारणारा जरा हिरमुसतो. त्याला माझ्या गल्ल्याशी काही देणंघेणं नसतं. पोलीस फुकट खातात, हे त्याला माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. तर तेही सांगते. खातात की. माझ्याच घरी होता एक.

माझे वडील, आप्पा, हवालदार होते. मी आठ वर्षांची असेन. पंचवटीत एका गाडीवर आम्ही भजी खाल्ली, आप्पा ड्युटीवरून तसेच आलेले, वर्दीत. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा गाडीवाला म्हणाला, "राहू द्या साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचे." आप्पांचा हात खिशाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! बाकीची पोरं बघताहेत का हे बघायला मी मागे वळले. गाडीवाला फडकं पिळत बाकावरच्या माणसाला हनुवटीनं आमची पाठ दाखवत होता, आणि दोघं हसत होते. ते हसू मला कौतुकाचं वाटलं. ते कौतुकाचं नव्हतं, हे पुढे दहावीत वगैरे असताना एका दुपारी भांडी घासता घासता एकदम कळलं, आणि मी नळ तसाच सोडून बसून राहिले.

आप्पांना हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

याच आप्पांना २००३ च्या कुंभमेळ्यात पंचवटीतला बंदोबस्त लागला होता. २७ ऑगस्टला सरदार चौकाजवळ, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. आप्पा तिसऱ्या दिवशी घरी आले. शर्टाची दोन बटणं गेलेली, एका खांद्याची शिवण उसवलेली. आईने शर्ट धुवायला मागितला तर दिला नाही, मोरीत बसून स्वतः घासला. पुढे कितीतरी दिवस भाजी आणायला ते साध्या कपड्यांत जायचे. वर्दी दिसली की मंडईत लोक ऐकू जाईल अशा बेतानं बोलायचे, आणि आप्पांकडे उत्तर नव्हतं.

बारा वर्षांनी, २०१५ ला, ते रिटायर होऊन टीव्हीसमोर बसलेले होते. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला पोलिसांनी रस्ते असे काही बांधून टाकले की भाविकांची चालून चालून दमछाक झाली. नाशिककर चिडले. घाट मोकळेच ठेवायचे होते तर मेळा कशाला भरवलात, म्हणाले. पुढच्या पर्वणीला बंदोबस्त जरा सैल करावा लागला. आप्पा ऐकत होते. "शिव्या देताहेत ना?" एवढंच म्हणाले. "मग सगळे जागेवर आहेत."

मधल्या काळात पोलीस लाईनीतली खोली सोडायची वेळ आली होती, तेव्हाची एक गंमत आहे. सिडको, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, सगळीकडे भाड्याची घरं बघितली. फोनवर सगळं जमायचं. मग प्रश्न यायचा, काका कामाला कुठे होते? पोलिसात म्हटलं की घरमालकाला आठवायचं, अरे हो, घर भाच्याला द्यायचं ठरलंय. चार घरमालक, चार भाचे. पाचव्याने मात्र तोंडावर सांगितलं, "काका, राग मानू नका, पण भाडं थकलं तर तुमची तक्रार घेऊन मी जाऊ कुठे?" आप्पांना तो माणूस आवडला. घर त्यानेही दिलं नाही.

आता दुकानातलं. पोलीस म्हटलं की लोकांना काठी आठवते नाहीतर शिट्टी. माझ्यासमोर येतो तो कागद. आरोपी आत असेल तर साध्या गुन्ह्यात साठ दिवसांत आणि जन्मठेपेसारख्या मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात दाखल व्हावं लागतं. नाही झालं तर आरोपी हक्कानं जामीन मागतो आणि कोर्टाला तो द्यावा लागतो. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या दिवशी संध्याकाळी, मी शटर अर्धं ओढलेलं असताना, एखादा हवालदार धावतपळत येतो. "ताई, बंद करू नका." जबाब, पंचनामे, मेडिकल, कॉल रेकॉर्ड धरून साडेतीनशे पानं. आरोपी सहा. प्रत्येक आरोपीला एक संच फुकट द्यायचा असा कायदाच आहे. शिवाय कोर्टाचा, सरकारी वकिलाचा, ठाण्याचा. झाले नऊ संच, म्हणजे तीन हजारांवर पानं. एवढ्या पानांना मी दीड रुपयानं लावते, तरी पावणेपाच हजारांच्या आसपास जातं.

आरोपीला फुकट, हे ठीक. माझ्या मशीनला मात्र कोणीतरी पैसे द्यावेच लागतात. बिल ठाण्याच्या नावाने करून नेतात, ते पास कधी होतं हे मी विचारत नाही. त्या रात्री पैसे येतात ते हवालदाराच्या फोनवरून, त्याच्या पगाराच्या खात्यातून. स्पीकरवर रक्कम मोठ्यानं पुकारली जाते तेव्हा तो स्वतःच दचकतो. कधी कधी मात्र तो म्हणतो, "थांबा, ते देतील," आणि पैसे फिर्यादीच्या भावाच्या फोनवरून येतात. तेव्हा मी मान खाली घालून पानं मोजते. कागदाच्या रिमापासून हे सुरू होतं, आणि सगळेच रिमावर थांबतात असंही नाही. वीस वर्षांत तेवढं समजतं.

मोजताना नजर मजकुरावर जातेच. खरं सांगायचं तर पोलिसाबद्दलचं माझं मत त्याच्या पंचनाम्यावरून बनतं. एक बाई आहेत, हवालदारच. त्या लिहितात: कपाट दक्षिणेच्या भिंतीस लागून, उजवे दार खालच्या बिजागरीतून निखळलेले, कुलूप शाबूत. वाचताना खोलीत उभं असल्यासारखं वाटतं. आणि एकाच्या पंचनाम्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या चोरीत, "सदर ठिकाणी नारळाचे झाड असून" असं होतं. मागच्या गुन्ह्यातलं उचलून तसंच चिकटवलेलं. मी म्हटलं, "भाऊ, तिसऱ्या मजल्यावर नारळ?" त्याने कपाळावर हात मारला. "सह्या झाल्या ताई. आता झाड राहणार." ते झाड पुढे कोर्टात आरोपीच्या वकिलाच्या किती उपयोगी पडलं असेल, याचा विचार करून मला बरेच दिवस हसू यायचं. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला काही आलं नसेल.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यापासून झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. म्हणून पेन ड्राइव्ह ठेवायला लागले. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात देताना कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं; त्याचा नमुना कॉम्प्युटरवर तयारच असतो, नुसती नावं बदलायची.

पोलिसांवर विश्वास नसणं हे काही आजच्या लोकांनी सुरू केलेलं नाही. पोलिसासमोर दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच लिहिलेलं होतं. तपासात पोलिसाने साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला तर त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, हाही नियम जुनाच. नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले, या दोन गोष्टी तशाच राहिल्या. कबुली मारून घेतली असेल, जबाब मनाने लिहिला असेल, ही शंका कायद्याने आधीच धरलेली आहे. दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी मला हे समजावलं. मला ते पटतं, हवालदाराची मुलगी असूनही पटतं.

आणि म्हणून पंच लागतात. जागा कशी होती, कोणाकडे काय सापडलं, हे पोलिसाने एकट्याने सांगून भागत नाही. दोन बाहेरची माणसं हजर लागतात, त्यांच्या सह्या लागतात.

२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिकमध्ये गुंडांची धरपकड झाली, आणि पकडलेल्यांकडून "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" असं म्हणवून घेतलेले व्हिडिओ गावभर फिरले. तुम्हीही बघितले असतील, पुढेही पाठवले असतील. माझ्याकडे पोरं ते वाक्य स्टिकरवर छापून मागायला आली. "पोलीस एक नंबर," "असंच पाहिजे." पोलिसांबद्दल एवढं चांगलं मी दुकानात कधी ऐकलं नव्हतं. मला ते व्हिडिओ बघताना कसंतरीच झालं. हात जोडलेल्या माणसाचा गुन्हा अजून कोर्टात सिद्ध व्हायचा होता, आणि साठ दिवसांनी त्याचेच कागद माझ्याच मशीनवर येणार होते. पण माझं मत सोडा. पोरं खूश होती, मी स्टिकर छापत होते.

त्याच आठवड्यातली दुपार. ओळखीचा एक हवालदार घाईघाईने पायऱ्या चढून आला. रिक्षा स्टँडवर एकाजवळ चोरीचे मोबाइल सापडले होते. "ताई, दोन पंच द्या ना. अर्धा तास फक्त."

दुकानात सातजण होते. एकाची गाडी नो पार्किंगला असल्याचं त्याला तेव्हाच आठवलं. एकाची आई दवाखान्यात होती. एक बाई म्हणाल्या, आमच्यात बायका अशा भानगडीत पडत नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं एक काका माझ्याकडे बघून पुटपुटले. ते स्वतः कोर्टाच्या तारखेचे कागद काढायला आले होते. स्टिकरवाली दोन पोरं स्टिकर न घेताच गेली. ते अजून ड्रॉवरमध्ये आहेत, पैसे आगाऊ दिलेत, कोणी ओळखीचं असेल तर न्यायला सांगा. हवालदार पंख्याखाली टोपी काढून उभा राहिला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

जरा कचरले मीसुद्धा. याआधी एकदा पंच झाले होते मी, आणि चार-पाच वर्षांनी समन्स आलं होतं. दोन तारखा नुसत्या बसून गेल्या. तिसऱ्या तारखेला पिंजऱ्यात उभं राहिल्यावर आरोपीच्या वकिलांनी उलटतपास सुरू केला.

"तुमचे वडील पोलीस खात्यात होते?"

"हो."

"पोलीस तुमच्या दुकानात रोज येतात?"

"येतात."

"तुम्ही पोलिसांकडून पैसे घेता?"

मला हसू आवरेना. इतकी वर्षं हाच प्रश्न, पण या बाजूने कोणी विचारला नव्हता. लोकांच्या मते मी पैसे घेत नसले तर पोलीस फुकटे, आणि इथे घेते म्हणून मी पोलिसांची माणूस. "घेते," मी म्हटलं. वकीलसाहेबांनी समाधानानं न्यायाधीशांकडे बघितलं. "पानाला दोन रुपये," असं मी पुढे म्हटलं, ते टायपिस्टने घेतलं की नाही कोण जाणे. त्याच वकीलसाहेबांची माझ्याकडे सातशे रुपये उधारी होती. ते मात्र कोणी विचारलं नाही.

आरोपी सुटला. माझ्यामुळे की नारळाच्या झाडासारखं आणखी काही निघालं म्हणून, ते मला समजलं नाही.

तर त्या दुपारी हे सगळं डोळ्यांसमोर आलं. हवालदार काही बोलला नाही, नुसता टोपीची कड पुसत होता. दुसरा पंच म्हणून शेवटी समोरचा पानवाला आला, तोही गल्ल्यावर मुलाला बसवून. मी मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि स्टँडवर गेले. अकरा मोबाइल होते. प्रत्येकाचा रंग, काचेवरचा तडा, मागचं कव्हर, आयएमईआय नंबर असं एकेक लिहिलं. शूटिंगही झालं. अर्ध्या तासाचे अडीच तास झाले. सही करण्याआधी मी सगळं वाचून काढलं. एका फोनचा रंग निळा लिहिला होता, तो हिरवा होता; दुरुस्त करायला लावला, बाजूला सह्या घेतल्या. हवालदाराला ते फारसं आवडलं नाही.

समन्स अजून यायचंय. येईल त्या दिवशी दुकान बंद असेल. झेरॉक्स गल्लीच्या टोकालाही मिळतं, तो पानाला अडीच रुपये घेतो.