बांबेर्गच्या बिअरला आमच्या बंबाचा वास

आधीच सांगते, हा लेख बिअरवर आहे. आत्या, तू वाचतेस हे मला ठाऊक आहे, तेव्हा पुढचं आपल्या जबाबदारीवर.

न्युर्नबर्गला येऊन चार वर्षं झाली, पण या विषयावर मी एक ओळ लिहिली नव्हती. जर्मनीत राहून बिअरवर लिहायचं म्हणजे कोल्हापुरात बसून तांबड्या रश्शाची ओळख करून द्यायची. पण मध्यंतरी एका शनिवारी बांबेर्गला गेले, श्लेंकेर्ला नावाच्या जुन्या बिअरघरात बसले आणि पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी आलं. ठसका वगैरे लागला नव्हता.

बांबेर्ग न्युर्नबर्गहून रेल्वेनं तास-पाऊण तासावर. जुनं शहर युनेस्कोच्या यादीत, नदीच्या मधोमध पुलावर उभी नगरपालिकेची जुनी इमारत, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. कॅथेड्रलच्या टेकडीखालच्या गल्लीत ही ब्रुअरीची खानावळ आहे. या घराचा पहिला उल्लेख 1405 सालचा, आणि आता ट्रुम घराण्याची सहावी पिढी धंदा बघते. आत काळपट लाकूड, लांब बाकं. रिकामं टेबल मिळण्याची वाट बघायची नाही, जिथं जागा दिसेल तिथं विचारून बसायचं. मी एका आजोबांच्या शेजारी टेकले.

इथं अर्ध्या लिटरच्या ग्लासाला ‘झाइडला’ म्हणतात. बिअर लाकडी पिंपातून येते, रंग जवळजवळ काळा, वर मळकट पांढरा फेस. ग्लास नाकाशी नेला आणि थांबले. हा वास मला माहीत होता. आमच्या परसातल्या बंबाचा.

तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात करवंट्या, भुईमुगाची टरफलं, ओली-सुकी जी मिळतील ती लाकडं. पाणी तापलं की तोटीतून घंगाळात. झाकण नीट बसलेलं नसायचं, त्यामुळे धूर पाण्यातही उतरायचा. दिवाळीच्या पहाटे उटणं, शिकेकाई सगळं लावूनही केसांना दिवसभर वास यायचा तो धुराचाच. शाळेत मला त्याची लाज वाटायची. आणि आता अर्धा लिटर तोच धूर मी पैसे देऊन पीत होते.

माझा चेहरा बघून आजोबा म्हणाले, ‘‘एकावर मत देऊ नका. तीन घ्या, मग बोला.’’ ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवरही जुन्या भाषेत साधारण हेच छापलंय: पहिला घोट परका वाटेल, मन खट्टू करू नका. मी दोनवर थांबले. (आत्या, दोनच.) दुसऱ्याच्या मध्यावर धूर मागे सरतो आणि भाजलेल्या धान्याची गोडी, शेवटी हॉप्स या फुलांचा कडवटपणा लागतो. जोर बेताचाच, 5.1 टक्के.

हा धूर येतो कुठून? माल्ट म्हणजे आपलं नाचणीसत्त्वच समजा, फक्त नाचणीच्या जागी जव. भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे. पूर्वी ओले जव आगीवरच वाळवायचे, म्हणजे धूर आपोआप मुरायचा. तेव्हा थोडीफार धुरकट नव्हती अशी बिअर कमीच असेल. पुढे बिनधुराच्या भट्ट्या आल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बांबेर्गमधल्या दोन घरांनी मात्र रीत सोडली नाही, एक श्लेंकेर्ला आणि दुसरं 1536 पासूनचं श्पेत्सिआल. दोघंही आपला माल्ट आजही स्वतःच बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. श्लेंकेर्लाची नाताळातली कडक बिअर मात्र ओकच्या धुरावरची, 8 टक्क्यांची. त्यांची एक साधी फिकट बिअरही आहे, तिच्यात धुराचा माल्ट अजिबात नसतो, तरी वास येतोच. ज्या कढईत सुकट परतली तिच्यात पोहे केल्यावर काय होतं ते आठवा.

गाडीत बसल्यावर मला राग यायला लागला. यांनी सहाशे वर्षांचा धूर जपला आणि आम्ही गीझर आला त्याच आठवड्यात बंब मोडीत घातला! तांब्याच्या भावानं, वजनावर. आता तसलेच बंब पुण्यातल्या बंगल्यांच्या दारात झाडं लावून ठेवलेले दिसतात. पण न्युर्नबर्ग येईतो राग उतरला, कारण हिशेब सरळ नाही. माल्टची भट्टी पेटवायला इथं पगारी माणूस असतो. आमचा बंब आई पेटवायची, फुंकणीनं, लाल डोळ्यांनी, पाचजणांच्या आंघोळी होईपर्यंत. शिवाय इतर जर्मनांनीही धूर टाकूनच दिला होता की. मग आम्हीच का अपराधी वाटून घ्यायचं?

एका गोष्टीत मात्र मी जर्मनांना शंभरपैकी शंभर देते. बव्हेरिया या इथल्या राज्यातल्या जुन्या वळणाच्या बिअर गार्डनमध्ये आपला डबा न्यायला हरकत नसते. 1812 मध्ये राजानं म्युनिकच्या ब्रुअरांना बिअर साठवायच्या तळघरांवरच ती विकू दिली, पण ब्रेडखेरीज खायला काही द्यायला बंदी केली. लोक घरून बांधून आणू लागले. मी भडंग नेते, शेजारचे मागून खातात. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई’ या पाटीखाली वाढलेल्या मला अजूनही पिशवी उघडताना इकडेतिकडे बघावंसं वाटतं. (बांबेर्गवाल्याला बव्हेरियन मात्र म्हणू नका, तो फ्रांकन, म्हणजे राज्याच्या उत्तरेकडच्या फ्रांकोनियाचा. बव्हेरियाच्या 1516 च्या बिअर-कायद्याचं कौतुक केलंत तर आमचा 1489 चा, असं ऐकून घ्यावं लागेल.)

दिवाळीला घरी जाताना दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून नेल्या. बाबांनी अर्धा ग्लास घेतला आणि ‘‘औषधी वाटते’’ म्हणाले. आईनं नुसता वास घेतला.

‘‘बंबाचं पाणी.’’

मी विजयानं म्हटलं, ‘‘बघ! विकायला नको होता.’’

‘‘पहाटे चारला उठून पेटवायला तू येणार होतीस का जर्मनीहून?’’

त्यातली एक बाटली आता खिडकीत आहे, आईनं तिच्यात मनीप्लँट लावलाय. बाटलीचे आठ सेंट डिपॉझिट बुडाले ते बुडालेच.