पेंढीवरचा बुरूज

सेंट जॉर्जच्या रंगीत काचेच्या खिडकीबद्दल जानेवारीत मी जे लिहिलं होतं ते चूक निघालं, आणि त्याचा इतका आनंद झालाय की फोटो नीट लावायच्या आधीच लिहायला बसलो.

आठवत असेल, इंग्लंडच्या खेड्यातलं ते पॅरिश चर्च. दक्षिणेच्या भिंतीत तीन उभ्या कप्प्यांची खिडकी, खाली पहिल्या महायुद्धात गेलेल्या 14 जणांची नावं. कोपऱ्यात गव्हाची पेंढी, म्हणजे अशा खिडक्या घडवणाऱ्या केम्पच्या कारखान्याची खूण. पण चार्ल्स ईमर केम्प 1907 मध्येच गेला. मग 1914-18 चं स्मारक त्याचं कसं? म्हणून मी ठरवून टाकलं होतं की काच जुनी, नावांचा पट्टा मागाहून जोडलेला. देवदूतांचे मोरपिशी पंख, चिलखतावरचे मोती, सिल्व्हर स्टेनचा, म्हणजे चांदीचं संयुग काचेवर भाजून आणलेला, तो मधासारखा पिवळा, सगळं केम्पकडचंच होतं. एक गोष्ट मात्र सलत होती. काचेचे तुकडे जोडणारं शिसं पट्ट्याभोवतीही बाकीच्या खिडकीसारखंच होतं. मागाहूनचं जोडकाम असं लपत नाही.

तीनदा गेलो, तिन्ही वेळा लख्ख ऊन. दक्षिणेच्या खिडकीला ऊन वैरी आहे. बाहेरच्या तारेच्या जाळीची सावली काचेवर उमटते, आणि पिवळी काच अशी पेटते की तिच्यावरचं बारीक काळं काम फोटोत दिसतच नाही. मोबाइलचं एचडीआर, म्हणजे उजळ-काळोखे फोटो आपोआप एकत्र करणं, तर रंगवलेल्या रेषाच पुसून टाकतं. त्याच्या नादी लागू नका. साधा कॅमेरा, ट्रायपॉड आणि एक्स्पोजर हाताने लावायचं, एवढं पुरतं.

शनिवारी आभाळ गच्च भरलेलं होतं. पाच एक्स्पोजर घेतले. सगळ्यात काळपट फोटोत पेंढीवर एक डाग दिसला. मोठा करून पाहिला, तर वरची कड दातेरी. बुरूज! केम्पच्या मागे त्याचा आप्त वॉल्टर टॉवर याने 1934 पर्यंत कारखाना चालवला, आणि आडनावाला साजेसा काळा बुरूज पेंढीवर चढवला.

म्हणजे काच 1907 नंतरची, आणि शिसं खरंच सांगत होतं. गावाने जुन्या खिडकीखाली नावं चिकटवलेली नाहीत. ही खिडकी त्या चौदा जणांसाठीच घडवली गेली, असं आता मला वाटतं. त्यात एकाच आडनावाचे दोघे आहेत. त्यांच्या घरच्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काच अगदी नवी असणार.

पुढच्या आठवड्यात जेम्स पॉवेल या दुसऱ्या कारखान्याच्या खिडक्यांवरची खूण, पांढरा भिक्षू, टिपायला जाणार होतो. पण लिहिता लिहिता यादी चाळली, तर आणखी सहा ‘केम्प’ मी भर उन्हातच टिपलेल्या आहेत. आधी त्या, आणि फक्त ढगाळ दिवशी. शिवाय अशी खिडकी बसवायला चर्चला बिशपच्या न्यायालयाची परवानगी काढावी लागे. ते कागद बहुधा काउंटीच्या दप्तरखान्यात असतात. सोमवारी तिथे फोन करतो.