साखर नियंत्रणात होती

मुंबईतील महापालिकेच्या ज्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, तेथील गरोदर स्त्रियांच्या ओपीडीत आमच्या एका निवासी डॉक्टरांच्या प्रबंधाचे काम चालू होते. गरोदरपणातील मधुमेहामुळे स्त्रीच्या जीवनाचा दर्जा किती खालावतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत वापरली जात होती. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, रोजच्या कामाला पुरेल एवढी शक्ती अंगात होती का, गरजेपुरता पैसा हाताशी होता का, असे प्रश्न त्यात असतात आणि प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण द्यायचे असतात. लैंगिक जीवनासंबंधीचा प्रश्न आला की बहुतेक जणी दाराकडे पाहू लागत आणि समोर पुरुष डॉक्टर असला तर पुढची उत्तरेही एका शब्दात उरकत, म्हणून ही प्रश्नावली भरून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

केवळ आहारावर असलेल्या स्त्रियांचे गुण चांगले निघतील आणि इन्सुलिन घेणाऱ्यांचे कमी, असा डॉक्टरांचा अंदाज होता. वरवर पाहता तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण रोज पोटात सुई टोचून घेणे कोणाला आवडेल?

आमच्याकडे शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीला पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले जाते आणि दोन तासांनी रक्त घेतले जाते. साखर १४० किंवा त्याहून अधिक आली की गरोदरपणातील मधुमेह धरतात आणि तिला माझ्याकडे आहारासाठी पाठवतात. दोन आठवडे आहार सांभाळूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तर गोळी किंवा इन्सुलिन सुरू होते. कागदावर हे सारे सुटसुटीत आहे. प्रत्यक्षात ते गोड पाणी प्यायल्यावर एखादीला उलटी होते, लवकर झाली तर दुसऱ्या दिवशी परत यावे लागते, आणि रोजंदारीवर असलेल्या बाईचा तेवढा खाडा पडतो. प्रश्नावलीतल्या पैशाच्या प्रश्नाला अनेक जणी हसून एक किंवा दोन गुण देत, त्यामागे या खाड्यांचाही हिशेब असे.

त्या दिवशी समोर बसलेली स्त्री जेमतेम पंचविशीची होती, पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा चालू असलेली. गिरणगावातल्या एका चाळीत सासू, सासरे, नवरा आणि दीर यांच्यासह एका खोलीत राहणारी, आणि घरचा स्वयंपाक उरकून पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाणारी. सव्विसाव्या आठवड्यात तिची साखर १५८ आली होती. आहार सुरू केल्यानंतरच्या नोंदी मात्र १०४ आणि ९८ अशा होत्या आणि केसपेपरवर कोणीतरी समाधानाने ‘नियंत्रणात’ असे लिहून खाली रेघ ओढली होती. डॉक्टरांनी तिला आत पाठवताना आदर्श केस म्हणूनच पाठवले होते.

पहिल्या काही प्रश्नांतच ते चित्र बदलले. झोपेला तिने दोन गुण दिले. रोजच्या कामाची शक्ती विचारल्यावर म्हणाली, “एक लिहा. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते.” आयुष्याचा आनंद कितपत घेता येतो, या प्रश्नाला बाया सहसा काहीतरी मोघम सांगून मोकळ्या होतात, परंतु ही गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, ताट समोर आलं ना, की छातीत धडधडतं. वाटतं, हा घास बाळाला बाधणार.” तोवर मी कित्येक प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, इतके कमी गुण इन्सुलिन घेणाऱ्या एकीचेही नव्हते.

प्रश्नावली बाजूला ठेवून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, की काल सकाळपासून काय काय खाल्ले. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी अर्धी पोळी आणि भेंडीची भाजी, रात्री वरणाचे वरचे पाणी. तपासणीच्या दिवशी न्याहारी करून यायचे असते, तेव्हाही ती अर्धीच पोळी खाऊन येत असे. मी दिलेल्या तक्त्यातील तीन जेवणे आणि मधली तीन लहान खाणी यांपैकी भाजीखेरीज काहीच उरले नव्हते. वजनाचा रकाना पाहिला, तर या काळात आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम वाढायला हवे तिथे आठशे ग्रॅम घटले होते. लघवीची पट्टी बुडवून पाहिली, तर कीटोन दोन प्लस. पिष्टमय अन्न पुरेसे पोटात गेले नाही की शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून कीटोन तयार होतात; गरोदरपणात ते फार लवकर वाढतात. ९८ हा आकडा खरा होता, पण तो उपासमारीचा आकडा होता.

असे का करतेस, असे विचारल्यावर तिने आधी दार नीट लोटून घेतले. सुई लागली तर घरात कळेल, घरात कळले की चाळीत कळेल, आणि मुलगी झाली तर जन्मभर तिला ‘साखरवालीची पोर’ म्हणतील. सासूबाई तर आताच म्हणतात, की गोड खाऊन खाऊन तूच ओढवून घेतलेस. आदल्या रविवारी तिचे डोहाळजेवण झाले होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सगळे हौसेने झाले. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी होती. आणि ती चार घास चिवडून उठली. पोटुशी बाई ताटावरून उपाशी उठली, म्हणून शेजारणी कुजबुजल्या आणि सासूबाई रात्री उशिरापर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. हे सांगताना तिला रडू आले नाही. मला वाटते, रडण्याइतकेही बळ उरले नसावे.

सासूबाई बाहेर बाकावरच होत्या. खाष्ट बाई आत येईल, अशी मी मनाची तयारी केली होती. आल्या त्या भेदरलेल्या बाई होत्या. मी कीटोनचे सांगू लागले, तेव्हा मध्येच म्हणाल्या, “मॅडम, मीच तिच्या पानातला भात काढून घेते. माझ्या भावाला डायबिटीस होता. आधी गोळ्या, मग सुई लागली, मग पाय कापला, आणि वर्षाच्या आत गेला. हिला सुई लागू द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात.” सून घाबरून अन्न टाकत होती आणि सासू घाबरून तिच्या पानातले काढून घेत होती, पण दोघी एकमेकींशी याविषयी एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

मग मी दोघींना एकत्र बसवून सांगितले. वारेतून सुटणारी संप्रेरके इन्सुलिनचे काम अडवतात, गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती वाढतात आणि ज्या स्त्रीचे शरीर त्या प्रमाणात जास्त इन्सुलिन बनवू शकत नाही तिची साखर चढते. ती पेढे खाऊन आलेली नसते. टोचलेले इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही आणि बहुतेक जणींचे बाळंतपणानंतर बंद होते. भावाचा पाय सुईमुळे गेला नव्हता, तर सुई फार उशिरा आल्यामुळे गेला असण्याची शक्यता अधिक होती. हे शेवटचे वाक्य मी जपून उच्चारले. सासूबाईंनी पदराने तोंड पुसले आणि विचारले, “मग भात किती द्यायचा?”

एक वाटी, सोबत घट्ट वरण किंवा मटकीची उसळ. मधल्या वेळी फुटाणे, ताक, उकडलेले अंडे. रात्री झोपताना कपभर दूध, म्हणजे सकाळपर्यंतचा उपास लांबत नाही. पोळी-भाजी केंद्रात दोन तासांनी बसून डब्यातले काहीतरी खायचे, मालकीण रागावली तर माझी चिठ्ठी दाखवायची.

डॉक्टरांशी मात्र थोडी वादावादी झाली. पोटभर खाल्ल्यावर साखर वाढणार, हे उघड होते, आणि “मॅडम, सुई लावली तर हिचा स्कोअर आणखी पडेल,” असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीची आठवण करून दिली. सुमारे हजार स्त्रियांच्या त्या चाचणीत आहाराचा सल्ला, साखरेची नियमित तपासणी आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन मिळालेल्या गटात बाळांच्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांऐवजी १ टक्क्यावर आल्या. शिवाय बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी त्याच गटातील मातांच्या जीवनाचा दर्जा चांगला होता आणि नैराश्य कमी होते. आपले काय चालले आहे हे कोणी नीट पाहते आहे, याचा आधार सुईच्या त्रासापेक्षा मोठा असावा, असे माझे मत आहे. डॉक्टर तरुण असले तरी हट्टी नव्हते. त्यांनी प्रबंधाच्या तक्त्यात साखरेशेजारी वजन आणि कीटोन असे दोन रकाने वाढवले. त्यानंतर ‘नियंत्रणात’ गटातील आणखी काही जणी वजन घटवून तिथे पोहोचल्याचे दिसले.

अपेक्षेप्रमाणे पुढच्या तपासणीत तिची साखर १३४ आली आणि इन्सुलिनचा लहान डोस सुरू झाला. लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंजमध्ये औषध ओढायला सिस्टरांनी शिकवले ते सुनेबरोबर सासूबाईंनीही शिकून घेतले. चाळीत दिवसभर दारे उघडी असतात, तेव्हा सुई घेण्यापुरता मोरीचा पडदा ओढायचा आणि कोणी आलेच तर सासूबाईंनी दारातच गप्पांना उभे करायचे, अशी त्यांची व्यवस्था ठरली. लपवणे यात राहिलेच, आणि ते सोडा असे सांगायला मी गेले नाही. वजन वाढू लागले, कीटोन गेले. पुन्हा प्रश्नावली भरताना झोपेचे आणि शक्तीचे गुण वर आले; पैशाच्या प्रश्नाचे मात्र होते तिथेच राहिले, उलट सिरिंज आणि फेऱ्यांचा खर्च वाढल्याचे तिने सांगितले.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, कारण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. या तपासणीला फार थोड्या जणी येतात. बाळ तान्हे असते, कित्येक जणी माहेरी गेलेल्या असतात, आणि साखर गेली असे घरात सगळ्यांनी ठरवलेले असते. हिला सासूबाई घेऊन आल्या. साखर ११२ निघाली, म्हणून दरवर्षी तपासायचे, एवढे सांगून मी अळिवाच्या लाडवांचे प्रमाण लिहून दिले. मग सासूबाईंना त्यांची स्वतःची साखर कधी तपासली होती, असे विचारले. सख्ख्या भावाचा पाय मधुमेहाने गेलेल्या त्या बाईने ती एकदाही तपासलेली नव्हती. ग्लुकोमीटरवर २३८ आली, आणि सून बाळाला घेऊन बाकावर बसली असताना त्या आपला केसपेपर काढायला खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.