अर्ध्या चौकोनाचा फरक

त्या सकाळी आलेल्या तक्रारीतलं एकच वाक्य मला आधी टोचलं : ‘विंडोजची आवृत्ती प्रोटॉनवर लावली, ती मात्र उत्तम चालते.’ बाकीचं पत्र नीट वाचलं ते त्यानंतर, आणि खरं सांगायचं तर तेही नीट नाहीच.

मी एका लहान गेम स्टुडिओत आमच्या गेमची लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरची आवृत्ती सांभाळते. सांभाळते म्हणजे बिल्ड करते, अर्थात कोडपासून चालता गेम तयार करते, तपासते आणि बिघडली की बोलणी खाते. एकेकाळी या कामाची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नसे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन 1993 पासून आहे, पण त्यावर गेम चालवायचा म्हणजे अर्धी संध्याकाळ सेटिंग्ज बदलण्यात जायची. ऑगस्ट 2018मध्ये वाल्व कंपनीने वाइनच्याच पायावर उभं केलेलं प्रोटॉन थेट स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात आणलं आणि चित्रच पालटलं. चित्र काढण्याच्या विंडोजच्या डायरेक्टएक्स आज्ञांचं लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये रूपांतर आत परस्पर होतं. खेळणाऱ्याने गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये एक खूण करायची, की झालं. तेव्हापासून आमचा प्रोजेक्ट लीड अधूनमधून विचारतो, ‘मग वेगळी लिनक्स आवृत्ती कशाला हवी?’ आणि आता एक खेळाडू लेखी सांगत होता की पोटच्या पोरापेक्षा दत्तक गुणी निघालाय.

तक्रार अशी होती. गेम सुरू होतो, पहिला नकाशा ठीक दिसतो. पण मेन्यूतून ‘नकाशा उघडा’ म्हणून आमच्याच फोल्डरमधला दुसरा नकाशा घेतला, की मशाली विझलेल्या, सगळीकडे अंधार. पात्र जरा हळू चालतं. आवाजही येत नाही.

अंधार म्हटलं की लिनक्सवर काम करणाऱ्याचा हात आपोआप ग्राफिक्स ड्रायव्हरकडे जातो. मेसा या लिनक्सवरच्या ड्रायव्हर-संचाची आवृत्ती कोणती, कार्ड कोणतं, ड्रायव्हर बसलाच नसल्यामुळे सगळा भार प्रोसेसरकडूनच चित्र काढून घेणाऱ्या एलएलव्हीएमपाइपवर तर पडला नाही ना, अशी ठरलेली प्रश्नावली मी पाठवली. तो सज्जन निघाला. तासाभरात सगळी उत्तरं दिली, आणि सगळं जागच्या जागी होतं. मग मी आवाजाकडे वळले, म्हणजे लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पाइपवायरवर संशय घेतला. तिथेही काही नाही. दोन वेगळे आजार समजून मी दोन वेगळे डॉक्टर बोलावत होते. चालण्याचा वेग कमी होतो या तिसऱ्या लक्षणाकडे तर बघितलंच नव्हतं. ते ना ग्राफिक्सचं होतं, ना आवाजाचं.

दुपारी त्याने स्क्रीनशॉट पाठवला. अंधार होताच, म्हणून मी चित्राचा उजेड वाढवून पाहिला. भिंती जागेवर होत्या. मशाली मात्र भिंतीच्या मधोमध असायच्या, त्या कोपऱ्यात जाऊन चिकटल्या होत्या. माझ्या मशीनवर तोच नकाशा उघडून शेजारी ठेवला. जी वस्तू नकाशातल्या चौकोनाच्या मध्यावर हवी, ती प्रत्येक वस्तू अर्धा चौकोन डावीकडे आणि अर्धा वर सरकली होती. आमच्या नकाशाचा आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे. म्हणजे सगळा संसार शून्याकडे सरकला होता. भिंती वाचल्या, कारण त्यांचे आकडे पूर्णांक असतात.

त्याला लिहिलं, ‘तो बिघडलेला नकाशा तसाच नव्या नावाने सेव्ह करून पाठवाल का?’

आमचे नकाशे साध्या मजकुराच्या फाइली असतात. त्याची फाइल उघडली, एका मशालीची ओळ शोधली. मूळ फाइलीत तिथे 12.500000 होतं. त्याच्या फाइलीत 12,000000.

अर्धा गेला होता, हे मला अपेक्षितच होतं. पण टिंबाच्या जागी स्वल्पविराम? मी खुर्चीतून उठले आणि उगाचच एक फेरी मारून आले.

त्याची सिस्टीम जर्मन भाषेत होती. जर्मनमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. कोणत्या भाषेत तारीख, आकडे, चलन कसं लिहायचं याचे नियम लिनक्सवर ‘लोकॅल’मध्ये असतात, आणि सी या प्रोग्रामिंग भाषेतलं मजकुराचा आकडा करणारं फंक्शन ते नियम पाळतं. त्याला जर्मन लोकॅलमध्ये ‘12.5’ दिलं तर ते 12 वाचतं, टिंबाशी थांबतं आणि पुढचं सोडून देतं. त्रुटी दाखवत नाही. आम्ही प्रत्येक ओळ मोकळ्या जागांवर आधीच तोडून घेत असू, त्यामुळे उरलेला तुकडा कुणाच्या नजरेला आला नाही. मशालीचा उजेड 0.65, तो झाला 0. आवाजाची पातळी 0.8, तीही 0. चालण्याचा वेग 4.5, तो 4. तिन्ही लक्षणं एकाच ओळीत उभी राहिली.

पण मग पहिला नकाशा ठीक कसा? सी प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो ‘सी’ नावाच्या तटस्थ लोकॅलमध्ये असतो, तिथे टिंबच चालतं. वापरणाऱ्याच्या भाषेत जायचं तर ते मुद्दाम सांगावं लागतं, आणि आमच्या कोडमध्ये असं कुठेही सांगितलेलं नव्हतं. सांगत होती ती जीटीके, म्हणजे खिडक्या-बटणं पुरवणारी तयार लायब्ररी. लिनक्सवर फाइल निवडायची खिडकी आम्ही तिच्याकडून घेतो. ती पहिल्यांदा सुरू होताना न विचारता अख्ख्या प्रोग्रामचं लोकॅल वापरणाऱ्याच्या भाषेवर नेते. तसं कागदपत्रांत लिहिलेलंही आहे, मीच वाचलं नव्हतं. विंडोजच्या बिल्डमध्ये ती खिडकी विंडोजची असते, ती या भानगडीत पडत नाही. प्रोटॉनवरची आवृत्ती उत्तम का चालत होती, ते आता कळलं.

बग माझ्या मशीनवर दिसल्याशिवाय सापडला म्हणायचा नाही, म्हणून जर्मन लोकॅल लावून गेम चालवला. मशाली जागच्या जागी! पंधरा मिनिटं मी माझ्या सुंदर सिद्धांताकडे बघत बसले. मग टर्मिनलमध्ये वर सरकलेली जीटीकेची सूचना दिसली : हे लोकॅल उपलब्ध नाही, ‘सी’ वापरतेय. जर्मन लोकॅल माझ्या सिस्टीमवर तयारच केलेलं नव्हतं. ते तयार केलं, पुन्हा चालवला, नकाशा उघडला. अंधार. इतका आनंद अंधार बघून मला कधी झाला नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची : जीटीके सुरू झाली की आकड्यांपुरतं लोकॅल पुन्हा ‘सी’वर आणायचं. बाकीचं, म्हणजे खिडकीतली भाषा, जर्मनच राहू द्यायचं. खरं काम पुढे होतं. इतक्या दिवसांत स्वल्पविरामवाल्या मंडळींनी स्वतः बनवून सेव्ह केलेले नकाशे गेम आता टिंबाने वाचणार, म्हणजे तेही मोडणार. म्हणून नकाशा वाचताना दोन्ही चिन्हं चालतील अशी सोय केली. लिहिताना मात्र टिंबच. आणि चाचण्यांच्या यादीत जर्मन लोकॅल घातलं. आधीच का नव्हतं? कारण आम्हा सगळ्यांच्या सिस्टीम इंग्रजीत आहेत.

लीडला संध्याकाळी सगळं दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘म्हणजे तुझी आवृत्ती नसती तर हा बग नसता.’

‘तो बग मला सापडला, हे बघ की,’ मी म्हणाले. तो हसला. प्रश्न त्याने मागे घेतलेला नाही.

नवं बिल्ड त्या खेळाडूला चाचणीसाठी दिलं. रात्री उत्तर आलं : मशाली पेटल्या, आवाज आला, आभार. पण तो प्रोटॉनवरच राहणार होता, कारण आठवडाभराचा खेळ तिकडे झाला होता आणि इकडे पहिल्यापासून सुरुवात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी-ड्राइव्ह बनवतो, सेव्ह फाइली त्याच्या पोटात राहतात. मी त्याला सगळा मार्ग लिहून पाठवला : स्टीमच्या फोल्डरमध्ये ‘कॉम्पॅटडेटा’, त्यात गेमचा क्रमांक, त्यात ‘पीएफएक्स’, मग सी-ड्राइव्ह, मग ‘स्टीमयूझर’. तिथल्या फाइली उचलून आमच्या फोल्डरमध्ये कशा ठेवायच्या तेही लिहिलं. झोपायच्या आधी दोनदा मेल तपासला.