दिवसाचा डायपर सुटायला आम्हाला चौदा महिने लागले

मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा सुरुवात केली. आता साडेपाचचा आहे आणि दिवसाचा डायपर सुटून चार महिने झालेत. थेरपीला गेलं की बाहेर बाकावर बसलेल्या आया हाच विषय हळू आवाजात काढतात म्हणून आमचं जसं झालं तसं सगळं लिहितेय.

त्याला ऑटिझम आहे, तेव्हा बोलणं चार-पाच शब्दांचं. सिंहगड रोडला घराजवळच्या एका प्लेग्रुपने सांगितलं की डायपर सुटल्याशिवाय घेणार नाही. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला दर अर्ध्या तासाने उचलून कमोडवर बसवायला लागले, वीस-वीस मिनिटं. तो किंचाळायचा, अंग ताठ करायचा, आणि बाहेर आणून चड्डी घातली की दोन मिनिटांत हॉलमध्ये शू. मला वाटायचं मुद्दाम करतोय. आज हे लिहिताना पण पोटात कालवतं, कारण मुद्दाम असं त्यात काहीच नव्हतं.

ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी थेरपी) मॅडमनी आधी हे सगळं बंद करायला लावलं. त्या म्हणाल्या, अहो त्याला कळतच नसेल की शू आलीये. भूक, तहान, शू हे शरीराच्या आतले सिग्नल ऑटिझममधल्या बऱ्याच मुलांना नीट पोचत नाहीत, त्यात डायपर सगळं शोषून घेतो म्हणजे ओलं झालेलंही कळत नाही. मग आठवडाभर फक्त वही. किती वाजता पाणी, किती वाजता दूध, दर अर्ध्या तासाला बघायचं ओला की कोरडा, आणि लिहायचं. बाकी काही करायचं नाही.

त्या वहीने दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे पाणी प्यायल्यावर साधारण पाऊण तासाने शू होते. दुसरं म्हणजे शी चार-चार दिवसांनी होत होती, आणि आम्ही घरात सगळे समजत होतो की रोज होते, कारण डायपरला रोज थोडं लागलेलं असायचं. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासून सांगितलं, जुनं बद्धकोष्ठ आहे, साठलेल्या शीचा दाब शूच्या पिशवीवर येतो म्हणून थोडी थोडी शू गळते, आणि शी करताना दुखतं म्हणून तो दाबून धरतो. औषध, पाणी, फळं असं करत पोट रुळावर यायला दीड महिना गेला. ट्रेनिंग त्यानंतर. कोणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन, आधी पोट तपासून घ्या.

मग बसायचं. पाय लोंबकळत होते म्हणून आईंनी (सासूबाई) जेवणाचा जुना पाट काढून दिला, कमोडवर छोटी सीट आणि पायाखाली पाट, तेव्हापासून पडायची भीती गेली. बसायचं फक्त दोन-तीन मिनिटं, जेवणानंतर नक्की, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलतात. शीसाठी साबणाचे फुगे फुंकायला द्यायचे, फुंकताना पोटाला आपोआप जोर लागतो. आणि शू किंवा शी झाली की त्याच क्षणी भिरभिरं. त्याला गोल फिरणारं काहीही आवडतं, ते भिरभिरं टॉयलेटमध्येच खुंटीला अडकवलेलं, बाहेर कुठेही मिळायचं नाही. पहिल्यांदा शू झाली तेव्हा तो स्वतःच दचकला, खाली बघितलं, मग खुंटीकडे.

फ्लशच्या आवाजाला कानावर हात घेऊन पळायचा. म्हणून तो बाहेर गेल्यावर फ्लश, मग तो दाराशी उभा असताना, मग "एक दोन तीन" म्हणून त्याच्याच हाताने. याला अडीच महिने.

शब्दांचा गोंधळ पण आमच्याच घरात होता. आई म्हणायच्या "एकी", नवरा "सूसू", मी "शू", थेरपीत "टॉयलेट". एका मुलाला एका गोष्टीचे चार शब्द! सगळ्यांनी बसून "शू" ठरवलं. सोबत आमच्या टॉयलेटचा फोटो काढून लॅमिनेट करून हॉलच्या दाराला लावला, जायच्या आधी तो काढून आमच्या हातात द्यायचा. घरी जमलं आणि नवीन शाळेत अजिबात नाही, कारण फोटोत आमची निळी बादली होती आणि शाळेत बादली लालच. त्याच्या दृष्टीने ती जागाच वेगळी. शाळेच्या मावशींनी तिथला फोटो काढून दिला, आठवडाभर स्वतः हात धरून नेलं, तेव्हा झालं. त्या माउलीचे उपकार कसे फेडू.

चड्डी घालायला शेवटून शिकवलं, म्हणजे सगळं मी करायचं आणि कमरेपर्यंतचा शेवटचा ओढा त्याचा, मग गुडघ्यापासून त्याचा, असं मागे मागे जायचं. दरवेळी काम त्याच्या हातून संपतं त्यामुळे चिडत नाही. आणि चड्डी वर आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तो तसाच बाहेर आला होता, लोक हसले, लहान आहे म्हणाले. पण तो मोठा होणारच आहे, आणि स्वतःचं अंग झाकायचं असतं हे त्याला कोणीतरी आत्ताच शिकवायला हवं.

मध्ये तापात सगळं मागे गेलं, तीन आठवडे परत वही. दिवाळीत गावी इंडियन टॉयलेट, तिथे नाहीच बसला.

गेल्या महिन्यात पेशवे पार्कला फुलराणीच्या (मुलांची छोटी आगगाडी) रांगेत उभे होतो. रांगेचंही कार्ड आहे आमचं, "आधी काका, मग आपण". पुढे दोनच जण राहिले होते आणि त्याने माझी पर्स उघडून घरच्या टॉयलेटचा फोटो माझ्या हातात दिला. फुलराणी समोर उभी असताना! आम्ही पळत गेलो, तिथलं टॉयलेट अनोळखी होतं तरी गेला, कोरडा राहिला. परत येऊन रांगेत शेवटी उभे राहिलो, तो कार्ड धरून परत पहिल्यापासून.

रात्रीचा डायपर अजून आहे. मॅडम म्हणतात सकाळी डायपर कोरडा निघायला लागू दे, मग हात घालू, सध्या आठवड्यात दोनदा निघतो. वही चालू आहे.